पिवळेपणा नंतर आला

दोन महायुद्धांमधल्या अमेरिकी पल्प मासिकांसारखं मुखपृष्ठ हवं असलं की गिऱ्हाइकाच्या मागण्या ठरलेल्या असतात: सगळं तपकिरी, कडा फाटलेल्या, जमलं तर चहाचा एखादा डाग. एका प्रकाशकाच्या हट्टापायी मी तसं करून दिलं. पुस्तक दुकानात लागलं आणि बाकीच्या गर्दीत असं बुडालं की मलाच ते शोधावं लागलं. आता मी आधी वाद घालतो, मग ब्रश उचलतो.

पिवळी पडायची ती आतली पानं. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद, त्यातलं लिग्निन हवा-उजेडानं काळवंडतं. मुखपृष्ठ मात्र गुळगुळीत कागदावर, चार रंगांत. स्टॉलवरच्या डझनावारी मासिकांतून गिऱ्हाइकाला ओढायचं कामच त्याचं. ‘अमेझिंग स्टोरीज’चा एप्रिल १९२६चा पहिला अंक पाहा. फ्रँक आर. पॉलनं पिवळंधमक आकाश रंगवलंय, त्यात कडी असलेला शनी आणि खाली बर्फावर घसरणारी माणसं. यात तपकिरी कुठे आहे? ‘वियर्ड टेल्स’साठी मार्गारेट ब्रंडेज तर पेस्टल खडू वापरायची, त्यामुळे सरसकट तैलरंगाचे फटकारे मारले म्हणजे पल्प झालं, असंही नाही.

आपल्या डोळ्यांपुढचा तपकिरी रंग बराचसा १९८१चा आहे, ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’च्या रिचर्ड ॲम्सेलनं केलेल्या पोस्टरचा. ‘डॉक सॅव्हेज’चंही तेच. लोक संदर्भ म्हणून पाठवतात ती जेम्स बामाची १९६४नंतरची पेपरबॅक मुखपृष्ठं. १९३३ साली मासिक निघालं तेव्हा ती वॉल्टर बॉमहोफर रंगवत होता. म्हणून संदर्भचित्र हातात घेतलं की आधी त्याचं साल बघा. नकलेची नक्कल करण्यात अर्थ नाही.

साल आपल्या चित्राचंही ठरवा. ‘तिशीचं दशक’ एवढ्यानं भागत नाही. १५ ऑक्टोबर १९३२ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले ते पस मॉथमधून, म्हणजे बंद केबिनच्या, एकाच पंखजोडीच्या विमानातून. तिथे उघडं दुपंखी विमान काढलं तर चित्र कितीही देखणं असो, विमानवेडा वाचक पहिल्या नजरेत ते बाजूला ठेवतो. (आणि असा वाचक प्रत्येक गावात एक तरी असतोच.)

मासिकाचं नाव बसेल एवढी जागा वर मोकळी सोडा, हे सांगायलाच नको.

खलनायकाशी मात्र जरा थांबा. पगडीवाला कारस्थानी, मूर्तीपुढे बांधलेली गोरी बाई, हा त्या मासिकांचा नेहमीचा मालमसाला होता आणि त्या पगडीखाली बऱ्याचदा आपल्यालाच बसवलेलं असायचं. ‘तेव्हाचं तसंच हवं’ म्हणून कुणी अडून बसलं, तर मी १९३५चा ‘हंटरवाली’ सिनेमा पुढे करतो. वाडिया मूव्हीटोन, मुंबई. नायिका नादिया मुखवटा घालून हातात चाबूक घेते आणि मार खातात ते गुंड. काळ तोच, धमाल तीच. एवढ्यावर बहुतेक जण तयार होतात; जे होत नाहीत त्यांना मी दुसऱ्या चित्रकाराचा नंबर देतो.