नोकरी सांभाळून एमए : आधी रजा मोजा

प्रवेश पक्का झाला की पुस्तकं उघडायच्या आधी भिंतीवरचं कॅलेंडर खाली घ्या. इग्नूच्या, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या, सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबरात असतात. जूनच्या तोंडावर मे महिना, म्हणजे लग्नसराई आणि मुलांची सुट्टी. डिसेंबरच्या तोंडावर दिवाळी. ऐन अभ्यासाच्या दिवसांत घर पाहुण्यांनी भरलेलं असणार, हे गृहीत धरूनच वर्ष आखायचं.

मग तासांचा हिशेब. विद्यापीठ एका क्रेडिटमागे ३० तासांचा अभ्यास धरतं, म्हणजे चार क्रेडिटच्या पेपरला १२० तास. सकाळी घर जागं होण्याआधी दीड तास आणि रविवारी पाच, असे आठवड्याला १४ तास निघतात. सणवार, आजारपण आणि मार्चएन्ड वगळून वर्षाचे ४० आठवडेच हाती धरा: ५६० तास. एवढ्यात पाच पेपर ओढूनताणून बसतात. ८० क्रेडिटचा एमए असेल, तर वीस पेपरांना चार वर्षं लागली. दोन वर्षांच्या एमएला विद्यापीठ चार वर्षांची मुदत देतं ती याचसाठी. नोकरदाराने ती सरळ वापरावी. दोन वर्षांत उरकायचा हट्ट बहुतेकदा पहिल्या दिवाळीतच मोडतो. फक्त पुढच्या वर्षाची फेरनोंदणी वेळेवर करा. आधीचे पेपर राहिले असले तरी ती करता येते.

स्वाध्याय, म्हणजे सगळे ज्याला असाइनमेंट म्हणतात ते, आधी हातात घ्या. त्यांना ३० टक्के वजन आहे, परीक्षेला ७०. प्रश्न वाचायचा, त्याचं उत्तर ज्या घटकात आहे तो घटक वाचायचा आणि लगेच स्वतःच्या हाताने उत्तर लिहायचं. पेपरचं पहिलं वाचन यातच होऊन जातं. लोकलमध्ये वाचता येतं, लिहिता येत नाही. तेव्हा इग्नूच्या ई-ज्ञानकोश या संकेतस्थळावरची पुस्तकं मोबाइलवर उतरवून ठेवा आणि घरची वेळ लिहिण्याला द्या. जमा करायची मुदत अनेकदा वाढते, पण त्या भरवशावर राहू नका. डिसेंबरच्या असाइनमेंट दिवाळीच्या फराळाआधी हातावेगळ्या व्हायलाच हव्यात.

गणपतीचे दोन-तीन आणि दिवाळीचे चार दिवस वेळापत्रकात कोरे सोडा. गावी पुस्तक नेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. ते पिशवीतून बाहेर निघत नाही, आणि सुट्टीही धड लाभत नाही.

रजेत मात्र कंजूषपणा हवा. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याला वर्षाला आठ किरकोळ रजा मिळतात. सणाला जोडून त्या उडवल्या की पेपरच्या दिवशी हात पसरावे लागतात. (सरकारी नोकरी असेल, तर प्रवेशाआधीच कार्यालयाची लेखी परवानगी घेऊन ठेवा.) जूनला तीन, डिसेंबरला दोन असे पेपर विभागा, म्हणजे पाच रजा तिकडे गेल्या. खासगी नोकरीत आकडे बदलतील, विभागणी हीच.

परीक्षेचा अर्ज वेगळा भरावा लागतो आणि शुल्क पेपरागणिक असतं, म्हणून तयारी झालेलेच पेपर भरा. डेटशीट लागली की त्याच दिवशी रजेचा अर्ज टाका. साहेब महिनाभर आधीच्या अर्जाला सहसा नाही म्हणत नाहीत. आदल्या दिवशीच्या अर्जाला हमखास म्हणतात.