पेरणीचा निर्णय आणि मेंदूतील दोन स्मृती

मृग नक्षत्र लागले की आमच्या लिंबागणेशचा शेतकरी आभाळाकडे पाहू लागतो. पेरावे की थांबावे? घाई केली तर दुबार पेरणी, उशीर केला तर ओल उडून जाते. हा निर्णय तो आठवणीच्या बळावर घेतो, असे आपण म्हणतो. पण मेंदूत आठवण एकाच जागी साठत नाही.

१९७२ चा दुष्काळ आठवणे ही प्रसंगांची स्मृती. ती कानशिलाच्या आत खोलवर असलेल्या हिप्पोकॅम्पसवर अवलंबून असते. वारा पाहून ‘आज नको’ असे वाटणे ही सवयीची स्मृती. तिचे ठिकाण वेगळे, स्ट्रायेटम.

१९९६ साली अमेरिकेत नोल्टन, मॅन्जल्स व स्क्वायर यांनी हा फरक दाखविला. योगायोग असा की त्यांचा प्रयोगही पावसाचाच होता! आकृत्यांची पाने पाहून ऊन की पाऊस ते सांगायचे. कोणतेही पान पक्की खूण नव्हे, नुसती शक्यता. स्मृती गमावलेले रुग्ण सुरुवातीला निरोगी माणसांइतकेच शिकले, पण प्रयोगाविषयी विचारले तर त्यांना सांगता येईना. कंपवाताच्या रुग्णांचे उलटे झाले. प्रयोग नीट आठवत होता, अंदाज मात्र सुधारत नव्हता.

सवयीची स्मृती बदलते सावकाश. पावसाने चाल बदलली तरी ती जुनाच कौल देत राहते. अशा वेळी प्रसंगांच्या स्मृतीला विचारावे लागते, की गेल्या खेपेला असेच वाटले तेव्हा काय झाले होते?

आम्हा बँकेतल्या माणसांना हे रोजचे आहे. चेकवरची सही आधी खटकते, कारण मागाहून सापडते. पण नुसत्या खटक्यावर आम्ही चेक परत करीत नाही. नमुना सहीशी ताडून पाहतो.