आबांची जीप

पाटण तालुक्यातील एका डोंगराळ गावी आबांचे घर आहे. घराच्या पडवीलगत पत्र्याची शेड असून तीत एक जुनी जीप उभी असते. ती १९६८ साली तयार झालेली आहे. तिचे बॉनेट उंच, मडगार्ड सपाट, दिवे वाटोळे आणि बैठका अगदी साध्या आहेत. काच वर-खाली करणारी बटणे तिला नाहीत. किंबहुना तिला बाजूच्या काचाच नाहीत. पावसाळ्यात कॅनव्हासचे पडदे लावावयाचे आणि उन्हाळ्यात ते काढून ठेवावयाचे, एवढीच काय ती सोय. मात्र पक्की सडक संपल्यावर गावापर्यंत जो चिखलाचा चढ लागतो, तो चढताना ती कधी कुरकुरत नाही.

या जातीच्या गाडीचा जन्म युद्धाच्या काळात झाला. १९४० साली युरोपात दुसरे महायुद्ध पेटलेले होते. वजनाने हलकी, चारही चाकांना जोर पोचणारी आणि वाट नसेल तेथेही जाणारी गाडी अमेरिकेच्या सैन्याला हवी होती. सैन्याने १३५ कंपन्यांकडे तशी मागणी पाठविली. परंतु मुदत इतकी थोडी होती, की बहुतेकांनी तिकडे पाठ फिरविली. बँटम नावाच्या एका लहानशा कंपनीने मात्र धाडस केले आणि अवघ्या ४९ दिवसांत पहिली गाडी सिद्ध करून २३ सप्टेंबर १९४० रोजी ती सैन्याच्या हवाली केली. पुढे विलीज आणि फोर्ड या मोठ्या कंपन्यांनी युद्ध संपेपर्यंत अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बनविल्या. १९४५ पासून सामान्य नागरिकांसाठीही जीप तयार होऊ लागली. भारत स्वतंत्र झाल्यावर थोड्याच काळात महिंद्र कंपनीने तिचे सुटे भाग परदेशांतून आणवून मुंबईत माझगाव येथे ते जोडण्यास प्रारंभ केला. आबांची जीप याच घराण्यातली, सीजे-३बी या प्रकारची आहे. हिचे इंजिन पूर्वीच्या इंजिनापेक्षा उंच असल्यामुळे ते मावावे म्हणून बॉनेटही उंच करावे लागले.

रणांगणावर दुरुस्तीचे कारखाने नसतात. म्हणून जीपची रचनाच अशी केलेली होती, की तिचे बहुतेक भाग डोळ्यांना दिसावेत, हाताला सापडावेत आणि साध्या पान्यांनी उघडता यावेत. युद्ध संपले, तरी तो गुण तिच्या अंगी राहिला. आबांसारख्या शेतकऱ्याला त्या गुणाचा मोठाच उपयोग झाला.

जीपच्या गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन लहान दांडे असतात. एका दांड्याने इंजिनाचा जोर मागच्या चाकांबरोबर पुढच्या चाकांनाही देता येतो. दुसऱ्या दांड्याने गाडीचा वेग कमी करून चाकांचा जोर सुमारे अडीच पट वाढविता येतो. चिखलात मागची चाके जागीच फिरू लागली, तर पुढची चाके गाडीला ओढून काढतात. परंतु कोरड्या, कठीण सडकेवर आबा पुढच्या चाकांचा जोर नेहमी काढून ठेवतात. वळण घेताना पुढची आणि मागची चाके सारखे अंतर चालत नाहीत. मऊ जमिनीवर ती थोडी घसरून आपला मेळ घालतात. डांबरी सडकेवर त्यांना घसरता येत नाही, आणि मग सारा ताण आतल्या दात्यांवर पडतो. यंत्रात बळ आहे म्हणून ते सदासर्वदा वापरावयाचे नसते, हे आबा प्रत्येक नव्या चालकाला आवर्जून सांगतात.

दर रविवारी सकाळी आबा जीपची पाहणी करतात. त्यांची नात या कामी त्यांच्या हाताखाली असते. ती सातवीत शिकते. इंजिन थंड असतानाच ती रेडिएटरचे झाकण उघडते, कारण तापलेल्या इंजिनाचे झाकण उघडले तर उकळते पाणी अंगावर उसळते. ती तेलाची पट्टी पुसून पुन्हा बुडविते आणि तेल दोन खुणांच्या मध्ये आहे ना, ते पाहते. पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबून तो फार सैल झालेला नाही, याची खात्री करते. बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुरशी धरली असेल, तर तारा सोडवून ती कोमट पाण्याने धुऊन काढते. आबा ग्रीसगनने सांध्यांना ग्रीस देतात, प्लगवरची काजळी घासून काढतात आणि पाट्यांचे नट आवळतात. गाडीखाली शिरावयाचे असेल, तर ते केवळ जॅकवर कधीही विसंबत नाहीत. जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून दगड लावून आणि चेसिसखाली जाड लाकडी ठोकळे देऊनच ते खाली सरकतात.

जीपच्या खणात दोन गोष्टी जपून ठेवलेल्या असतात. एक म्हणजे कागदपत्रांची पिशवी. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते. त्यानंतर गाडीची तपासणी होऊन ती दर पाच वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते. विमा आणि धुराच्या तपासणीचे प्रमाणपत्र यांच्याही मुदती पाहाव्या लागतात. दुसरी गोष्ट म्हणजे निळ्या पुठ्ठ्याची एक वही. कोणत्या दिवशी काय पाहिले, काय बदलले आणि किती तेल घातले, याची नोंद नात त्या वहीत करते.

एका मार्गशीर्षात चिपळूणला नातीच्या आत्याची वास्तुशांत ठरली. सर्वांनी जीपने जावयाचे, असा बेत झाला. कुंभार्ली घाटातून जीप उतरेल, आत्याच्या नव्या दारासमोर उभी राहील आणि आपण पुढच्या बैठकीवरून खाली उडी मारू, हे चित्र नात आठवडाभर मनात रंगवीत होती. निघण्याच्या आदल्या दिवशी तिने नेहमीप्रमाणे पाहणी केली. ब्रेकच्या तेलाचे झाकण उघडताच तिला दिसले, की तेल बोटभर खाली गेले आहे.

शेजारचे काका तेथेच उभे होते. ते म्हणाले, "त्यात काय एवढे? डब्यातले तेल ओता, आणि निघा."

नातीने डबा हाती घेतला. परंतु झाकण फिरविण्यापूर्वी तिने वही उघडली. मागच्याच महिन्याच्या पानावर तिच्याच अक्षरात लिहिलेले होते : 'ब्रेकचे तेल कमी. भरले.' तिने डबा खाली ठेवला आणि विचारले, "आबा, इंजिनातले तेल जळते, हे मला ठाऊक आहे. ब्रेकचे तेल तर बंद नळीत असते ना? मग हे गेले कोठे?"

आबा क्षणभर थांबले. मागच्या महिन्यात तेल त्यांनीच भरावयास सांगितले होते आणि हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नव्हता. ते म्हणाले, "पोरी, तू बरोबर विचारलेस. ब्रेकचे अस्तर झिजते, तसे हे तेल किंचित खाली येते. पण महिन्यात बोटभर नाही. चल, शोधू."

दोघांनी प्रत्येक चाकाची आतली बाजू विजेरीच्या उजेडात पाहिली. तीन चाके कोरडी होती. डाव्या मागच्या चाकाच्या आतल्या बाजूस मात्र ओला ओघळ होता आणि त्यावर धूळ चिकटून चिखल झाला होता.

ब्रेकचे पायटे दाबले, की नळ्यांतले तेल दाबले जाते. तेल आकसत नाही. म्हणून तो दाब जसाच्या तसा प्रत्येक चाकापर्यंत पोचतो. तेथे एका लहान सिलिंडरातील दट्ट्या बाहेर सरकतो आणि ब्रेकचे अस्तर फिरत्या ड्रमवर घट्ट दाबले जाते. दट्ट्यामागे रबराची एक वाटी असते. ती तेलाला बाहेर पडू देत नाही. ही वाटी जुनी होऊन कडक झाली, की तेल झिरपू लागते. आबांच्या जीपमध्ये चारही चाकांचे ब्रेक एकाच तेलावर चालतात. एका चाकाशी तेल वाहून गेले, तर चारही चाकांचे ब्रेक जातात. उतारावर, भरल्या गाडीत ते गेले तर काय होईल, हे सांगावयास नको.

शेजारचे काका म्हणाले, "अहो, महिनाभर चालले, ते उद्या एक दिवस चालणार नाही का?"

आबा शांतपणे म्हणाले, "चालेलही. पण घाट उतरताना 'चालेल' या शब्दावर मी घरची माणसे बसविणार नाही. प्लग, पट्टा, ग्रीस ही कामे माझ्या हातची आहेत. ती चुकली तर गाडी वाटेत उभी राहील, एवढेच. ब्रेक चुकला तर गाडी उभीच राहणार नाही. हे काम मिस्त्रींचे."

दुसऱ्या दिवशी घरची मंडळी एस.टी.ने चिपळूणला गेली. नात खिडकीशी बसली होती. घाट सुरू होताच चालकाने गिअर खालचा घेतला आणि इंजिनाच्या आधाराने गाडी सावकाश उतरविली. ज्या गिअरात घाट चढावा, त्याच गिअरात तो उतरावा, म्हणजे ब्रेक तापत नाहीत, हे आबांचे बोल तिला आठवले. आत्याच्या दारात ती जीपमधून उतरली नाही, याची रुखरुख तिला होती. पण प्रत्येक वळणावर खालची दरी पाहताना ती रुखरुख थोडी थोडी कमी होत गेली.

पुढच्या आठवड्यात मिस्त्री आले. त्यांनी ड्रम उतरविला, तेव्हा आतले अस्तर तेलाने चिंब झालेले दिसले. असे अस्तर धुऊन, वाळवून पुन्हा बसवू नये. त्याची पकड गेलेली असते. म्हणून त्यांनी मागच्या दोन्ही चाकांचे अस्तर बदलले. नव्या रबरी वाट्या त्यांनी ब्रेकच्या स्वच्छ तेलातच भिजवून घेतल्या, कारण पेट्रोल किंवा रॉकेल लागले तर रबर फुगून बिघडते. नळी उघडली म्हणजे तिच्यात हवा शिरते. हवा दाबली की आकसते. त्यामुळे पाय खाली जातो, पण ब्रेक लागत नाही. ती हवा काढण्यासाठी दोन माणसे लागतात. मिस्त्री चाकापाशी बसले आणि नात चालकाच्या जागी बसली.

"दाबा, ताई. धरून ठेवा. आता सोडा," मिस्त्री सांगत होते. प्रथम नळीतून तेलाबरोबर बुडबुडे आले. दाबता-सोडता ते विरळ झाले आणि शेवटी नितळ तेलाची अखंड धार आली. एकेक करून चारही चाकांची हवा अशीच काढली. अखेरीस नातीच्या पायाखालचे पायटे दगडासारखे घट्ट लागले.

रात्री तिने वहीत लिहिले : 'डाव्या मागच्या चाकाची गळती काढली. नव्या वाट्या, नवे अस्तर. हवा काढली.' मग मागच्या महिन्याच्या नोंदीपुढे तिने आणखी एक वाक्य जोडले : 'येथेच विचारावयास हवे होते.' आबांनी ते वाचले. त्यांनी तिच्या हातची लेखणी घेतली आणि त्या वाक्याखाली आपली सही केली.

जीप आजही त्या शेडमध्ये उभी असते. तिची किंमत विचारावयास कोणी आले, तर आबा आधी ती वही त्याच्या हाती देतात. वस्तू विकत घेतल्याने ती आपली होते, हे खरे. परंतु तिच्यात काय झिजले आहे, काय गळते आहे, आपल्या हाताने काय करावे आणि जाणत्याच्या हाती काय सोपवावे, हे कळू लागले म्हणजेच ती खऱ्या अर्थाने आपली होते.

स्वाध्याय

१. जीपची रचना साध्या पान्यांनी उघडता येईल अशी का केलेली होती?
२. कोरड्या सडकेवर आबा पुढच्या चाकांचा जोर का काढून ठेवतात?
३. ब्रेकच्या नळीत हवा शिरली तर काय होते? कारण सांगा.
४. 'चालेल या शब्दावर मी घरची माणसे बसविणार नाही,' असे आबा का म्हणाले?
५. नातीने जुन्या नोंदीपुढे जोडलेल्या वाक्याखाली आबांनी सही का केली असावी? तुमचे मत पाच-सहा वाक्यांत लिहा.
६. तुमच्या घरातील सायकल, शिलाईयंत्र किंवा पाण्याचा पंप यांपैकी एकाची महिनाभर पाहणी करून नोंदवही ठेवा.