कोरी सीडी-डीव्हीडी घेताना दुकानदाराला काय विचारायचं?



पेनड्राइव्हच्या जमान्यात कोऱ्या सीडीचं काय घेऊन बसलात, असं तुमच्यापैकी काहीजण म्हणतील. पण आपापल्या शाळेचं कपाट एकदा उघडून बघा. जुन्या स्नेहसंमेलनाच्या कॅमेऱ्यातल्या कॅसेट, निवृत्त झालेल्या बाईंच्या आवाजातल्या कविता, एखाद्या घरात आजीने जात्यावर म्हटलेल्या ओव्यांची एकुलती एक ऑडिओ कॅसेट. या गोष्टी पुन्हा रेकॉर्ड होणार नाहीत. फीत चिकटायला लागली की एक-दोनदाच नीट वाजते, आणि तेवढ्यात ती कुठेतरी उतरवून घ्यावी लागते. पेनड्राइव्ह चार हातांतून फिरतो, कुणीतरी "जागा नव्हती" म्हणून फॉरमॅट करून टाकतो. एकदा लिहिली की पुसता येत नाही, हा साध्या रेकॉर्डेबल डिस्कचा दोष वाटतो खरा, पण अशा कामात तोच तिचा मोठा गुण आहे. कॉम्प्युटरवर एक प्रत, वेगळ्या हार्डडिस्कवर एक आणि डिस्कवर एक, अशी सोय मला बरी वाटते.

अडचण सुरू होते ती दुकानात. आपण म्हणतो, "एक चांगली डीव्हीडी द्या." दुकानदार म्हणतो, "सर, हीच जाते सगळीकडे." झालं! तो खोटं बोलत नाही बरं का. त्याच्याकडे जी आहे ती त्याने दिली. प्रश्नच असा होता की त्याला दुसरं उत्तर नव्हतं.

आठवीच्या मुलांना हा विषय मी प्रश्न विचारायचा सराव म्हणून दिला होता. फळ्यावर तीन रकाने आखले. ज्याचं उत्तर डब्यावर छापलेलं आहे ते प्रश्न, ज्याचं उत्तर दुकानदारच देऊ शकतो ते प्रश्न, आणि ज्याचं उत्तर आपल्यालाच करून बघावं लागेल ते. तिसऱ्या रकान्याकडे आधी कुणी वळत नाही, पण शेवटी तोच सगळ्यात लांब होतो. एका मुलीने डबा हातात घेऊन विचारलं, "यावर 'अप टू १६ एक्स' लिहिलंय, म्हणजे जास्तीत जास्त १६, कमीत कमी नाही ना?" भाषेचा तास तिथेच झाला.

डब्यावरचं वाचणं सोपं आहे, फक्त अर्थ माहीत हवा. सीडीवर ७०० एमबी आणि ८० मिनिटं असं दोन्ही लिहिलेलं असतं. ८० मिनिटं म्हणजे साध्या सीडी प्लेअरवर वाजणारी ऑडिओ सीडी केली तर. एमपी३ फाइली टाकल्या तर कित्येक तास बसतात, पण जुन्या प्लेअरला त्या वाचता येत नाहीत. साध्या डीव्हीडीवर ४.७ जीबी लिहितात आणि कॉम्प्युटर मात्र ४.३८ च्या आसपास दाखवतो. पालक म्हणतात फसवलं. फसवलेलं नाही. कंपनी जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते, कॉम्प्युटर १०२४ चा तीनदा गुणाकार करतो. ४.७ अब्जाला त्या गुणाकाराने भागून बघा. गणिताच्या शिक्षकांना हे उदाहरण मी आनंदाने देऊन टाकतो.

मग 'आर' आणि 'आरडब्ल्यू'. आर म्हणजे एकदाच लिहायची, आरडब्ल्यू पुसून पुन्हा लिहायची, साधारण हजारेक वेळा. जपून ठेवायच्या गोष्टीसाठी आरडब्ल्यू घेऊ नका. तिच्यावरून प्रकाशही कमी परततो, त्यामुळे जुने प्लेअर तिला ओळखतच नाहीत. डीव्हीडीत उणे आर आणि अधिक आर असे दोन प्रकार येतात. "सगळं एकच हो," असं दुकानदार सांगतात. गेल्या कित्येक वर्षांतले कॉम्प्युटरचे रायटर दोन्ही लिहितात, तेवढ्यापुरतं ते बरोबर. पण आजोबांच्या घरी टीव्हीखाली असलेल्या जुन्या प्लेअरवर दाखवायची असेल तर उणे आर घेणं जास्त सुरक्षित.

म्हणूनच माझ्या मते चांगला दुकानदार ओळखायची खूण एकच. आपण डिस्क मागितली की तो उलट विचारतो, "कशात वाजवणार? काय भरणार? किती दिवस ठेवायची?" हे तीन प्रश्न न विचारता जो थेट कंपनीचं नाव सांगतो, त्याचा सल्ला ऐकून घ्यावा, पण त्यावर विसंबू नये. मग ते मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचं दुकान असो, पुण्याच्या तापकीर गल्लीतलं असो, की तालुक्याच्या गावातलं झेरॉक्स आणि रिचार्जचं.

दुकानदाराला खरोखर काय माहीत असतं? कुठल्या डब्यातल्या डिस्क गिऱ्हाईक परत घेऊन आले, हे त्याला पक्कं माहीत असतं. माल कधी आला, गोदामात होता की काचेच्या कपाटात उन्हात, हेही. तेच विचारावं. "किती वर्षं टिकेल?" हे विचारू नये, कारण ते त्याला माहीत असणं शक्य नाही. डब्यावर "१०० वर्षं" लिहिलेलं असलं तरी तो कंपनीचा अंदाज असतो. डिस्क जास्त तापमानात आणि दमट हवेत ठेवून, ती किती लवकर बिघडते यावरून काढलेला. सीडी-आर बाजारात येऊन अजून चाळीस वर्षंही झालेली नाहीत.

उन्हाचं एवढं का, तर विकत मिळणाऱ्या सिनेमाच्या डिस्कवर खड्डे कारखान्यातच दाबून केलेले असतात. कोऱ्या डिस्कमध्ये तसं नसतं. तिच्यात रंगद्रव्याचा पातळ थर असतो आणि लेझरने त्यावर खुणा होतात. हे रंगद्रव्य प्रकाशाने, उष्णतेने हळूहळू बिघडतं. कोरी असतानाही बिघडतं, म्हणून डब्यावरचा महिना आणि वर्ष बघायचंच. सीडीत हा थर चकचकीत बाजूला नसून छापील बाजूच्या अगदी खाली असतो. मुलं खालची बाजू जपतात आणि वरच्या बाजूवर बॉलपेनने नाव लिहितात! डीव्हीडीत तो अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरहून थोड्या जाड दोन चकत्यांच्या मध्ये असतो, पण तिच्यावरही चिकटपट्टीचं लेबल लावू नये. मऊ टोकाचा, सीडीसाठी म्हणून मिळणारा मार्कर वापरावा.

आता कंपनीच्या नावाबद्दल. दहा वर्षांपूर्वीचा सल्ला आज शिळा झाला आहे. आपल्याकडे घरोघरी पोचलेली नोएडाची मोझर बेअर २०१८ मध्ये दिवाळखोरीतून अवसायनात गेली. जाणकार ज्यांचं नाव घ्यायचे ती जपानची तायो युडेन २०१५ अखेर या धंद्यातून बाहेर पडली. व्हर्बेटिम हा ब्रँड २०१९ मध्ये तैवानच्या सीएमसीकडे गेला. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये रेकॉर्डेबल ब्लू-रे बनवणं थांबवलं. नाव एकाचं आणि बनवणारा दुसरा, हे तर या धंद्यात नेहमीचंच. यावर उपाय असा की पन्नासचा डबा घेण्याआधी त्याच मालातली एक सुटी डिस्क घ्या. 'इमेजबर्न' हा फुकट मिळणारा प्रोग्राम कोऱ्या डिस्कवर कोरलेला बनवणाऱ्याचा कोड दाखवतो. एक डिस्क लिहून, वाजवून बघा. जमली तर डबा आणा.

सल्ल्यासाठी आणखी एक माणूस सुचवतो, गावातला लग्नाचं शूटिंग करणारा. त्याने शेकडो डिस्क लिहिल्या आहेत, आणि डिस्क चालली नाही की नवऱ्या मुलाचे वडील थेट त्याच्या दारात आले आहेत. हा अनुभव कुठल्याही काउंटरवर मिळत नाही.

पावतीचंही सांगतो. "सीडीला कसली गॅरंटी" असं ऐकून आपण मुकाट्याने परत येतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे बिल न देणं ही अनुचित प्रथा आहे. सदोष वस्तू बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं, हीसुद्धा. "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी दोष असलेल्या मालाला लागू होत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. भांडायला जायचं नाही, पक्कं बिल मागायचं एवढंच. दहा-वीस रुपयांच्या वस्तूचं बिल मागताना संकोच वाटतो, पण शाळेच्या खर्चात तरी ते लागतंच.

लिहिताना वेग सगळ्यात वरचा न निवडता मधला ठेवा. १६ एक्सच्या डीव्हीडीवर ८ एक्स ठीक. लिहून झाल्यावर पडताळणीचा पर्याय असतो, तो चालू ठेवा. त्याने वेळ वाढतो, वाढू द्या. दोन प्रती करायच्या झाल्यास दोन वेगळ्या बनावटीच्या डिस्कवर करा. एक शाळेत आणि एक कुणाच्या तरी घरी, उभ्या डबीत, उन्हापासून लांब. वर्षातून एकदा दोन्ही शेवटपर्यंत चालवून बघा. आणि आजीची मूळ कॅसेट, ती वाजत नसली तरी, टाकून देऊ नका.