तांबड्या रक्तपेशी व सिकलसेलचा आजार

कापूस वेचणीच्या दिवसांत एखादा तरुण मजूर दोन दिवस काम करतो आणि तिसऱ्या दिवशी हातपाय व पाठ असह्य दुखते असे सांगून घरी बसतो. हा प्रकार वरचेवर घडला म्हणजे गावात त्याची गणना कामचुकारांत होते. शिरपूर, चोपडा, यावल व रावेर या तालुक्यांतील सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत असा निवाडा देण्यापूर्वी त्या मजुराचे रक्त तपासले आहे काय, हे पाहणे अवश्य आहे.

रक्ताचा रंग त्यातील तांबड्या पेशींमुळे येतो. निरोगी माणसाच्या एका घन मिलिमीटर रक्तात या पेशी सुमारे ४५ ते ५० लक्ष असतात. पेशी चकतीसारखी, मध्ये खोलगट व लवचिक असते. तीतील हिमोग्लोबिन हे लोहयुक्त द्रव्य फुप्फुसातून प्राणवायू उचलून सर्व अवयवांना पोचविते. हाडांतील मज्जेत जन्मलेली पेशी सुमारे १२० दिवस राबते. ती मोडीत निघाल्यावर तिच्यातील लोह नव्या पेशींच्या कामी येते.

सिकलसेलच्या आजारात हिमोग्लोबिनची घडणच सदोष असते. प्राणवायू सोडल्यावर ते पेशीच्या आत काड्यांसारखे गोठते आणि पेशी ताठर होऊन विळ्यासारखी वाकते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पुढच्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो व तीव्र वेदना उठतात. त्या १० ते २० दिवसांतच मोडतात, म्हणून रोगी फिकट दिसतो व लवकर थकतो. या पेशींची नोंद शिकागोचे डॉक्टर हेरिक यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केली. भारतात हा दोष १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींत आढळला. खानदेशात तो भिल्ल व पावरा समाजांत विशेष आहे, तथापि इतर जातींनाही तो वर्ज्य नाही. वाहकास हिवतापाचा जीवघेणा तडाखा कमी बसतो. जंगलपट्टीत हा दोष टिकून राहिला तो यामुळेच.

हा आजार संसर्गाने होत नाही. बियाण्याच्या गुणाप्रमाणे तो आईबापांकडून येतो. एकाकडूनच दोष आला तर मूल वाहक होते व त्यास बहुधा त्रास होत नाही. आईबाप दोघेही वाहक असल्यास प्रत्येक बाळंतपणात आजारी मूल होण्याचा संभव चारांत एक असतो. एक मूल आजारी निघाले म्हणजे पुढची तीन निर्धास्त, हा हिशेब चुकीचा आहे. म्हणून सोयरीक ठरण्यापूर्वी दोन्हीकडची तपासणी व्हावी. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत चाळिशीपर्यंतच्या लोकांची तपासणी योजिली आहे. त्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करावी.

शेतमालकाच्या हातीही पुष्कळ आहे. शरीरातील पाणी कमी होणे, कडक थंडी व अतिश्रम यांनी वेदना उसळतात. तेव्हा अशा मजुरास पौषातील रात्री गहू-हरभऱ्याला पाणी भरण्यास लावू नये. वैशाखात पिण्याचे पाणी बांधावर ठेवावे व मध्ये सावलीत बसू द्यावे. लोहाच्या गोळ्यांनी हा आजार बरा होत नाही. फिकटपणा दिसला की त्या वाटण्याची सवय येथे उपयोगी नाही, तपासणीशिवाय त्या देऊ नयेत. हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्यांनी वेदनेचे झटके कमी होतात, परंतु त्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्याव्या लागतात. ताप, छातीत दुखणे, धाप किंवा एकाएकी वाढलेला फिकटपणा दिसल्यास रोग्यास त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.