खतापलीकडे पाहणारा न्यायाधीश

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्यावरील पाठ वर्गात चालू असता एका विद्यार्थ्याने आम्हांस प्रश्न केला, "सर, रानड्यांना सगळे न्यायमूर्ती म्हणतात, पण त्यांनी कोणता मोठा खटला चालविला, हे पाठात कोठेच नाही." प्रश्न मार्मिक होता. प्रार्थनासमाज, सार्वजनिक सभा, विधवाविवाह आणि अर्थशास्त्र या संबंधांत रानड्यांचे नाव आपण नित्य ऐकतो. परंतु ज्या न्यायासनावर त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग गेला, तेथे बसून त्यांनी काय केले, हे क्वचितच सांगितले जाते. त्या विद्यार्थ्याला वर्गात जे उत्तर आम्हांस थोडक्यात द्यावे लागले, तेच येथे सविस्तर देत आहोत.

रानड्यांचा जन्म 18 जानेवारी 1842 रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. बालपण कोल्हापुरास गेले व उच्च शिक्षण मुंबईस एल्फिन्स्टन संस्थेत झाले. मुंबई विद्यापीठाची पहिली प्रवेशपरीक्षा 1859 साली झाली, तीत उत्तीर्ण झालेल्या मोजक्या विद्यार्थ्यांत ते होते. 1862 साली ते बी. ए. झाले व 1866 साली एल्एल्. बी. अक्कलकोट व कोल्हापूर या संस्थानांत काही काळ नोकरी व एल्फिन्स्टन कॉलेजात काही काळ अध्यापन केल्यावर 1871 साली त्यांची पुण्यास पहिल्या वर्गाचे दुय्यम न्यायाधीश म्हणून नेमणूक झाली. पुढे 1878 साली नाशिक, 1879 साली धुळे, 1881 साली काही महिने मुंबईस मॅजिस्ट्रेट, अशा बदल्या झाल्या. धुळ्यास असताना सरकारचा त्यांच्यावर वहीम होता व त्यांची पत्रे फोडून वाचली जात. तरी त्यांनी आपले काम शांतपणे चालू ठेविले. 1893 साली न्यायमूर्ती काशिनाथ त्रिंबक तेलंग निवर्तले व त्यांच्या जागी मुंबई उच्च न्यायालयात रानड्यांची नेमणूक झाली. 16 जानेवारी 1901 रोजी त्यांचा अंत झाला, तोपर्यंत ते त्या पदावर होते.

ही झाली पदांची यादी. परंतु आमच्या मते न्यायाधीश या नात्याने त्यांचे खरे महत्त्व ज्या कामात आहे, ते उच्च न्यायालयात जाण्यापूर्वीचे आहे. आणि ते समजण्यासाठी पुणे जिल्ह्यातील सुपे या गावी जाणे अवश्य आहे.

12 मे 1875 रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांचा जमाव सावकारांच्या दुकानांवर चालून गेला. धान्य व माल लुटला गेला; पण लोकांचा मुख्य रोख होता तो कर्जखतांवर. खते मागून घ्यावीत व जाळावीत, हा क्रम पुढे पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावी चालला. आता, चिडलेल्या माणसाने कागदच का जाळावा? कारण शेतकऱ्याच्या दृष्टीने त्याचा वैरी तो कागद होता. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, 1861 ते 1865 पर्यंत, कापसाला भाव आला व सावकारांनी हात सैल सोडला. युद्ध संपताच भाव कोसळला, इकडे सरकारी सारा वाढला, आणि कर्ज मात्र उरले. त्यात मुदतीचा कायदा असा की, तीन वर्षे उलटली तर खत निरुपयोगी व्हावे. म्हणून सावकार दर तीन वर्षांनी नवे खत लिहून घेई, व मागील व्याज नव्या खतात मुद्दल बनून बसे.

विद्यार्थ्यांनी ही गोष्ट अंकांनी समजून घ्यावी. समजा, एका कुणब्याने 100 रुपये दरसाल शेकडा 24 दराने घेतले. तीन वर्षांचे व्याज 72 झाले. नवे खत 172 रुपयांचे झाले. आणखी तीन वर्षांनी त्या 172 वर सुमारे 124 व्याज चढले. तिसरे खत 296 रुपयांचे झाले. मध्यंतरी त्याने 60 रुपये धान्याच्या रूपाने फेडले असतील, पण पावती घेतली नसेल, तर खतात त्यांचा उल्लेखही नाही. सावकार कोर्टात 296 चे खत घेऊन येतो. खाली कुणब्याचा अंगठा आहे. तो स्वतः हजर झालेला नाही, कारण समन्सातील मजकूर त्याला वाचता येत नाही व कचेरीची भीती वाटते. न्यायाधीश खत पाहतो, अंगठा पाहतो, आणि 296 रुपयांचा एकतर्फी हुकूमनामा देतो. यात न्यायाधीशाने लबाडी केली नाही. कायदाही मोडला नाही. तरी अन्याय झाला.

या दंग्यांची चौकशी होऊन 1879 साली पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांसाठी दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. त्याचा गाभा असा होता की, न्यायाधीशाने खतापाशी न थांबता खताच्या मागे जावे. प्रतिवादी शेतकऱ्याला समक्ष बोलावून त्याची जबानी घ्यावी. व्यवहाराचा पहिल्यापासून इतिहास काढावा. मुद्दल व व्याज यांचा वेगळा हिशेब मांडावा. व्याजावर व्याज धरू नये. दर अवाजवी असेल तर तो कमी करावा. आणि फेड हप्त्यांनी ठरवावी. कर्जापायी शेतकऱ्याला दिवाणी तुरुंगात टाकणेही या कायद्याने बंद केले. वरील उदाहरणात असा हिशेब केला तर मुद्दल 100, सहा वर्षांचे सरळ व्याज 144, त्यातून फेडलेले 60 वजा जाता देणे 184 रुपये निघते. खतातील आकड्याहून 112 रुपये कमी! आणि हे सावकाराचे वाजवी येणे न बुडविता.

परंतु कायदा कागदावर लिहिला म्हणजे झाले असे नाही. वर्षानुवर्षे खत पाहून हुकूमनामा देण्याची सवय झालेल्या कोर्टांकडून हे काम करून घेणार कोण? त्यासाठी स्पेशल जज्ज नेमण्यात आला. लहान दाव्यांत नेहमीचे अपील चालत नसे; त्याऐवजी स्पेशल जज्जाने खालच्या कोर्टांची दप्तरे मागवून निकाल तपासावेत, चूक दिसल्यास दुरुस्त करावी, आणि गावोगावचे मुनसफ व समेट घडविणारे पंच यांच्या कामावर देखरेख ठेवावी, अशी योजना होती. 1881 साली रानडे या कामावर मदतनीस म्हणून आले. मध्यंतरी पुण्याच्या स्मॉल कॉज कोर्टाचे काम पाहून पुढे ते स्वतः स्पेशल जज्ज झाले, व उच्च न्यायालयात जाईपर्यंत त्या जागेवर राहिले. या कामात वर्षातील कित्येक महिने फिरतीत जात. त्यांच्या पत्नी रमाबाई त्यांच्याबरोबर असत, व त्या दिवसांच्या हकीकती त्यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकात लिहून ठेविल्या आहेत.

म्हणून त्या विद्यार्थ्याला आमचे उत्तर असे की, बाळा, रानड्यांचे मोठेपण एका गाजलेल्या खटल्यात शोधू नकोस. ते शेकडो लहान दाव्यांत आहे. त्यांतील वादी-प्रतिवादींची नावे आज कोणास ठाऊक नाहीत. परंतु प्रत्येक दाव्यात एका घराची जमीन, बैल व चूल अडकलेली होती.

येथे आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. या कायद्याने सर्व दुःख हटले नाही. काही सावकारांनी कर्ज देण्याचा हात आखडला. काहींनी गहाणखताऐवजी खरेदीखतच लिहून घेण्याची युक्ती काढली. रानड्यांना ही मर्यादा दिसत होती. न्यायालय फार तर जुने ओझे हलके करील; पण पेरणीच्या वेळी बियाण्याला पैसा कोण देईल? म्हणून 1891 साली त्यांनी युरोपातील पतपेढ्यांचा दाखला देऊन, शेतकऱ्यास वाजवी व्याजाने कर्ज मिळण्याची व्यवस्था झाली पाहिजे, असे प्रतिपादन केले. सहकारी पतसंस्थांचा कायदा 1904 साली झाला. तो पाहण्यास ते हयात नव्हते. आपल्या हातातील अधिकार कोठे संपतो हे ओळखून त्यापुढचा मार्ग दाखविणे, हेही न्यायाधीशाच्या सचोटीचेच लक्षण आम्ही मानतो.

लूककृत शुभवर्तमानातील विधवेचा दृष्टांत आपल्या शाळेतील मुलांस ठाऊक आहे. ती बिचारी न्यायाधीशाकडे पुनःपुन्हा खेटे घालते. तो देवाला भीत नाही व माणसाची भीड धरीत नाही. अखेर केवळ त्रास चुकावा म्हणून तो तिची दाद घेतो. रानडे हे त्याच्या अगदी उलट टोकाचे न्यायाधीश होत. दाद मागणारा दारी येण्याची वाट न पाहता ते त्याच्या तालुक्यात गेले.

शेवटी पालकांस दोन शब्द. आपल्या मीरा-भाईंदरच्या लोकांस कित्येक वर्षे दाव्यासाठी ठाण्याची वाट धरावी लागे. कोर्टाची पायरी किती महाग पडते हे येथील मीठागरवाल्यांपासून नव्या इमारतींत घर घेणाऱ्यांपर्यंत अनेकांस ठाऊक आहे. आज सावकाराच्या खताची जागा घरकर्जाच्या करारपत्राने आणि मोबाईलवरील एका बटणाने घेतली आहे, आणि अंगठा तेव्हाप्रमाणेच आताही सहज उमटतो. कुणबी वाचू शकत नव्हता म्हणून फसला; आपण वाचू शकत असून न वाचता सही केली, तर दोष कोणाचा? यंदा वर्गात सरळव्याज व चक्रवाढव्याज शिकविताना आम्ही मुलांना एक काम देणार आहोत: घरातील एखाद्या कर्जाचा हिशेब वडिलांजवळ किंवा आईजवळ बसून मांडावा. पालकांनी संकोच न करता ते कागद मुलांपुढे ठेवावेत, अशी विनंती आहे. खतामागे जाऊन पाहण्याची जी सवय रानड्यांनी कोर्टांस लाविली, ती घराघरांत लागली, तर कोर्टाची पायरी चढण्याचे पुष्कळ प्रसंग टळतील.