तारे पाहण्याची जागा आणि अमावस्येचें भय

शास्त्रपाठ : उत्पत्ति १५:१–६, ईयोब ९:९, यिर्मया १०:२, स्तोत्रसंहिता १४७:३, ४.

अब्राम आपल्या तंबूंत चिंता करीत होता. वय झालें, मूलबाळ नाहीं, आणि मिळालेल्या वचनाचें पुढें काय होणार हें त्यास कळेना. त्या वेळीं देवानें त्यास जें उत्तर दिलें, त्यांत दोन गोष्टी आहेत. पहिली ही कीं, देवानें त्यास बाहेर नेलें. दुसरी ही कीं, वर पाहून तारे मोजावयास सांगितलें. आपण बहुधा दुसरी गोष्ट ध्यानांत ठेवितों आणि पहिली विसरतों. तंबूच्या छताखालीं बसून तारे मोजतां येत नाहींत. बाहेर यावें लागतें. या पाठांत आम्ही त्या बाहेर येण्याविषयींच लिहीत आहों. म्हणजे खेड्यांतील मंडळीनें तारे पाहावयास कोठें जावें, केव्हां जावें, आणि तेथें काय शिकावें.

उदाहरणादाखल बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यांतील नांदूरघाट घेऊं. हा बालाघाटाच्या डोंगररांगांचा मुलूख आहे. मोकळे माळ, ज्वारीचीं रानें आणि पाझर तलावांच्या पाळी येथें सर्वांच्या ओळखीच्या. अशा ठिकाणीं तारे पाहण्याची चांगली जागा शोधावयाची, तर तिच्या चार परीक्षा कराव्या.

पहिली परीक्षा उजेडाची. ज्या जागेवरून रस्त्याचा दिवा थेट डोळ्यांवर येतो ती जागा सोडावी. बीड, केज यांसारख्या मोठ्या वस्तीच्या दिव्यांचा उजेड आकाशाच्या कडेला पसरलेला दिसत असेल, तर त्या बाजूकडे पाठ करावी. मनुष्याचा डोळा अंधारास सरावण्यास वीस ते तीस मिनिटें लागतात. मोबाईलचा उजेड क्षणभर पाहिला कीं तें सर्व व्यर्थ जातें. वाटेपुरता दिवा हवाच असेल, तर विजेरीच्या तोंडावर लाल कागद बांधावा. मंद तांबड्या उजेडानें डोळे फारसे दिपत नाहींत.

दुसरी परीक्षा दिशेची. नांदूरघाट विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १९ अंशांवर आहे. एखाद्या स्थळाचे जितके अक्षांश, तितकेच अंश ध्रुवतारा तेथें क्षितिजाच्या वर दिसतो. हात लांब करून मूठ धरिली असतां ती आकाशाचे सुमारे १० अंश झांकते. म्हणून येथें ध्रुव उत्तरेस दोन मुठींच्या उंचीजवळ सांपडेल. दक्षिणेचे कित्येक तारे मात्र याहूनही खालीं राहतात. अगस्त्याचा तेजस्वी तारा फार तर १८ अंश वर येतो, आणि त्रिशंकूचा सर्वांत खालचा तारा एक मूठभरही वर चढत नाहीं. मध्यें टेकाड, उसाचा फड किंवा गांवाचा उजेड असला तर हे तारे दिसावयाचेच नाहींत. याकरितां गांवाच्या दक्षिणेस जाऊन बसावें. म्हणजे गांवाचे दिवे पाठीशीं राहतात आणि समोर मोकळी दक्षिण. ईयोबाच्या नवव्या अध्यायांत सप्तर्षि, मृगशीर्ष व कृत्तिका यांच्या जोडीला दक्षिणेकडील नक्षत्रांचाही उल्लेख आहे, हें लक्षांत असूं द्यावें.

तिसरी परीक्षा जमिनीची. जागा दिवसाउजेडीं पाहून ठेवावी. उघडी विहीर जवळ नसावी, उभें पीक तुडवूं नये, आणि रान ज्याचें असेल त्यास अगोदर विचारावें. घोंगडी अंथरण्यापूर्वीं काठी आपटावी. साप व विंचू यांनाही उन्हाळ्यांतला रात्रीचा गारवा आवडतो. एकट्यानें जाऊं नये. मुलें, मुली व माउल्या यांस बरोबर घेऊन सर्व मंडळीनें मिळून जावें.

चौथी परीक्षा प्रत्यक्ष ताऱ्यांची. नोव्हेंबरापासून मार्चापर्यंत संध्याकाळीं कृत्तिकांचा लहानसा पुंजका दिसतो. डोळे अंधारास सरावले म्हणजे त्यांतील तारे मोजावे. चार-पांचच दिसले, किंवा नुसता धूसर ठिपका दिसला, तर आणखी आडबाजूस जावें. सहा, सात अथवा अधिक दिसले, तर जागा चांगली. दोन ठिकाणांची तुलना करावयास याहून सोपें माप नाहीं, आणि त्यास पैसाही पडत नाहीं.

आतां जावें केव्हां? सूर्य मावळल्यावर सुमारे सव्वा तासानें पुरता अंधार पडतो. जूनपासून सप्टेंबरापर्यंत बहुतेक रात्रीं ढग असतात. ऑक्टोबरापासून आकाश स्वच्छ होतें. वद्य अष्टमीपासून पुढें चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास किंवा त्यानंतर उगवतो, आणि शुद्ध तृतीयेपर्यंत लवकर मावळतो. म्हणून या दिवसांच्या संध्याकाळी ताऱ्यांच्या. त्यांतही उत्तम रात्र अमावस्येची.

येथेंच पुष्कळांचे पाय अडखळतात. अमावस्येस प्रवास करूं नये, नवें काम आरंभूं नये, लहान मुलास तिन्हीसांजेनंतर बाहेर नेऊं नये, असें आपल्या खेड्यांतून मानितात. आणि बाप्तिस्मा घेतलेल्या घरांतही हें भय पुष्कळदां उंबऱ्याच्या आंत टिकून राहतें. मग अमावस्या म्हणजे काय, हें नीट समजून घेऊं. चंद्र पृथ्वी व सूर्य यांच्या मधल्या बाजूस येतो, त्याचें उजळलेलें अंग सूर्याकडे असतें, आणि तो सूर्याबरोबरच उगवतो व मावळतो. एवढेंच घडतें. त्या रात्रीं कोणतीही दुष्ट शक्ति वाढत नाहीं. केवळ चंद्राचा उजेड नसतो, आणि म्हणून जे तारे एरवीं झांकलेले असतात ते प्रकट होतात. आकाशांतील चिन्हांनीं घाबरूं नका, असें यिर्मयाच्या द्वारें देवानें आपल्या लोकांस बजाविलें. जी रात्र लोक दार लावून काढितात, तीच रात्र मंडळीनें माळावर बसून स्तवनांत काढिली, तर उपदेशकास दहा व्याख्यानांनीं जें साधत नाहीं तें एका रात्रींत साधेल.

कोणी विचारील, तिथि पाहण्याकरितां पंचांग उघडावें काय? आमचें उत्तर असें कीं, पंचांगांत गणित आणि फल या दोन निराळ्या गोष्टी आहेत. चंद्र कोणत्या दिवशीं कोठें असेल हें गणित. तें खरें ठरतें, आणि तें शिकण्यांत पाप नाहीं. शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३–१८९८) यांनीं तर सामान्य मराठी वाचकाकरितां ‘ज्योतिर्विलास’ नांवाचें पुस्तक लिहून आकाशाची ओळख करून दिली. परंतु त्या चंद्रामुळें अमक्याचें बरें व तमक्याचें वाईट होईल, हें फल. त्यावर आम्ही भार ठेवीत नाहीं.

हा भेद मूळ नक्षत्रावरून स्पष्ट होतो. मूळावर जन्मलेलें मूल बापास बाधतें, मुलगी असल्यास सासऱ्यास बाधते, अशा समजुतीनें लेंकरांच्या वाट्याला हिडीसफिडीस येते आणि जमलेलीं लग्नें मोडतात. तें मूळ आहे तरी कोठें? वृश्चिकाच्या वळलेल्या नांगीपाशीं. मे महिन्याच्या अखेरीस रात्रीं अकराच्या सुमारास तें आग्नेयेस दिसतें, आणि पाऊस सरल्यावर ऑक्टोबराच्या आरंभीं अंधार पडतांच दक्षिणेकडे दिसतें. अंधार चांगला असेल तर त्याच्याच आसपास आकाशगंगेचा सर्वांत दाट पट्टा पसरलेला आढळेल. तेथील तारे आपणांपासून शेंकडों प्रकाशवर्षें दूर आहेत. चंद्र सुमारे २७ दिवसांत सर्व नक्षत्रें फिरून येतो, म्हणजे प्रत्येक महिन्यांत एक दिवस तो मूळांत असतो. तेव्हां जगांतील दर सत्तावीस मुलांत सरासरी एक मूल मूळावर जन्मतें. इतक्या सर्वांचे बाप एका नक्षत्राच्या दोषानें मरते, तर तें झांकून राहिलें नसतें. ज्या आईच्या मनांत हें भय असेल, तिला वाद घालून जिंकूं नये. तिला मूळ दाखवावें, आणि तिच्या लेंकरास तेथें मांडीवर घ्यावें. शेजाऱ्यांच्या समजुतीची थट्टाही करूं नये, कारण भ्यालेल्या मनुष्यास हंसणें हें प्रीतीचें काम नव्हे.

शेतकऱ्यांस मृग ठाऊक आहे, पण आकाशांतला मृग थोड्यांनींच पाहिला आहे. ७ जूनच्या सुमारास ‘मृग निघाला’ असें आपण म्हणतों, तेव्हां सूर्य त्या नक्षत्रांत असतो, आणि म्हणून रात्रीं तें दिसत नाहीं. तें पाहावयाचें तर जानेवारींत रात्रीं आठ वाजतां पूर्वेकडे पाहावें. एका ओळींत तीन तारे आढळतील. ती ओळ खालीं वाढविली तर व्याधाचा अति तेजस्वी तारा सांपडतो; वर वाढविली तर तांबूस रोहिणी, व तिच्यापलीकडे कृत्तिका. फेब्रुवारीच्या मध्यावर रात्रीं नऊ वाजतां अगस्त्य बरोबर दक्षिणेस येतो, आणि मेच्या मध्यावर साडेनऊच्या सुमारास त्रिशंकु. व्याधाचा प्रकाश आपणांपर्यंत येण्यास साडेआठ वर्षांहून अधिक लागतात. कृत्तिकांचा प्रकाश सुमारे ४४० वर्षें वाटेंत असतो. म्हणजे आज जो दिसतो, तो शिवाजी महाराजांच्या जन्मापूर्वींच निघालेला आहे.

दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यांतून हजारों कुटुंबें ऊसतोडीकरितां पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात, आणि मंडळींतील बाकें रिकामीं होतात. जे जातात ते कोपींत राहतात व पहाटेच्या अंधारांत फडावर निघतात; म्हणून आकाश त्यांच्या डोक्यावर इतरांपेक्षां अधिक वेळ असतें. उपदेशकांनीं त्यांस निघण्यापूर्वीं मृग व कृत्तिका ओळखावयास शिकवावें, आणि अमुक रात्रीं आम्ही गांवीं, तुम्ही फडावर, तेच तारे पाहून एकमेकांकरितां प्रार्थना करूं, असें ठरवावें. जवळ पुस्तक नसलें तरी हा पाठ उघडा राहील.

शेवटची गोष्ट आपल्या दिव्यांविषयीं. निरनिराळ्या देशांतील लोकांनीं २०११ ते २०२२ पर्यंत नुसत्या डोळ्यांनीं जीं निरीक्षणें केलीं, त्यांवरून रात्रीचें आकाश सरासरी दरवर्षीं सुमारे ९.६ टक्के अधिक उजळत गेलें असें अनुमान २०२३ मध्यें प्रसिद्ध झालें. म्हणजे तारे आहेत तेथेंच आहेत. आपण त्यांच्यापुढें पडदा ओढीत आहों. हा पडदा दूर करितां येतो. विदर्भांतील पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरांत गांवांतील दिवे बदलून त्यांचीं तोंडें खालीं केलीं, आणि जानेवारी २०२४ मध्यें अंधारें आकाश राखल्याबद्दल त्यास भारतांतील पहिलें ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. रस्ते अंधारांत पडले नाहींत. उजेड जेथें हवा तेथेंच पडूं लागला. आपल्या प्रार्थनामंदिरावरील दिवाही असाच असावा. त्यावर टोपण असावें, त्याचें तोंड खालीं असावें, आणि सभा सुटल्यावर तो मालवावा. देवाचें गौरव वर्णन करणारें आकाश देवाच्याच घराच्या दिव्यानें झांकावें, हें शोभत नाहीं.

स्तोत्रकर्ता १४७ व्या स्तोत्रांत सांगतो कीं, देव भग्न अंतःकरणाच्या लोकांस बरें करितो व त्यांच्या जखमा बांधितो. आणि लगेच पुढें सांगतो कीं, तोच ताऱ्यांची गणती करून त्या सर्वांस नांवें देतो. ज्यास एवढे तारे एकेक ठाऊक आहेत, त्यास माळावर बसलेल्या आठ-दहा जणांची मंडळीही नांवानिशीं ठाऊक आहे. तर बंधुभगिनींनो, येत्या अमावस्येस दार उघडा, दिवा मालवा, आणि बाहेर या.

अभ्यासाकरितां प्रश्न

१. देवानें अब्रामास उत्तर देतांना बाहेर कां नेलें असावें?
२. तुमच्या गांवाच्या दक्षिणेस वरील चार परीक्षांस उतरणारी जागा कोणती?
३. पंचांगांतील गणित व फल यांतील भेद मुलांस कसा समजावाल?
४. अमावस्या किंवा मूळ यांचें भय तुमच्या मंडळींत कोणाच्या घरीं आहे? त्या घरच्यांस प्रीतीनें बरोबर कसें न्याल?